कार्बनचे पाय

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही अशांनाही, या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाने आज सकाळपासून पानं टाकायला सुरुवात केली आहे. सदर बाब तातडीची समजावी.

तुम्हाला यात गंभीर काय ते दिसणार नाही. पण वाशीम जिल्ह्यात ज्याने शाळामास्तरकी केली, त्याला कॅलेंडर लागत नाही. कडुलिंब पिवळा पडला की सकाळची शाळा आली. पोरं उजाडता उजाडता स्वेटर घालून येतात, प्रार्थनेच्या वेळी दात वाजवतात, पहिल्या सुट्टीत तेच स्वेटर कमरेला बांधतात आणि घरी जाताना ते शाळेतच विसरतात. माझ्या कपाटात आजही अशा विसरलेल्या स्वेटरांचा ढीग आहे. त्यातल्या काहींचे मालक आता बाप झालेत.

फाल्गुनातल्या हवेला एक वेगळाच पोत असतो. तूर निघून गेलेली असते, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात आणि रान कसं नुकतंच न्हाव्याकडून आल्यासारखं दिसतं. हरभरा घाट्यांवर आलेला असतो. मग सकाळी शाळेत येतायेताच पोरं कुणाच्या तरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाळ करून हिरवा हरभरा झाडासकट भाजतात आणि त्या होळ्याची काजळी ओठांना, गालांना, कधी कधी कानांनाही लावून वर्गात बसतात. "कुठं होता?" असं विचारलं की काळ्या तोंडानं सांगतात, "घरी होतो सर." अशा साक्षीदारांपुढे न्यायाधीशानं काय करावं? मी आपला तळहात पुढे करतो. त्यावर चार गरम दाणे पडतात आणि खटला निकाली निघतो.

आज सकाळी असेच दाणे चघळत मी ओसरीवर उभा होतो. वरून एक पान गरगरत आलं आणि खाली फरशीवर उमटलेल्या एका काळ्या पावलात बरोबर जाऊन बसलं. ते पाऊल पाहिलं आणि तो फाल्गुन आठवला, ज्या फाल्गुनात आमच्या गावानं जगाचं तापमान कमी करायचं मनावर घेतलं होतं.

त्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि त्याच आठवड्यात वरून पत्र आलं. पूर्वी पत्र पोस्टानं यायचं, आता ते मोबाइलवर टुंग करून येतं. पत्रात म्हटलं होतं, प्रत्येक शाळेने आपला कार्बन पाऊलठसा कमी करावा. त्यासाठी गावाची सभा घ्यावी, उपाय ठरवावेत, कागदाची बचत करावी, आणि केलेल्या कार्यवाहीचा अहवाल फोटोंसह तीन प्रतींत सादर करावा.

आमच्या शाळेत मास्तर दोनच. एक मी, दुसरे चव्हाण सर. चव्हाण सर मानोऱ्याकडच्या तांड्यातले, माणूस कबड्डीचा, बोलणंही एका दमात. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "सर, तीन प्रती म्हटल्यावर कार्बन आलाच."

सभा कडुलिंबाखाली भरली. शाळा समितीचा अध्यक्ष नामदेव. शेलूबाजारला हायवेवर त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिशीतला गडी, याच शाळेत शिकला, याच शाळेची खिचडी खाऊन मोठा झाला आणि आता त्याची पोरगी दुसरीत होती. सभेतले सगळ्यांत जुने सभासद पुंडलिकआबा. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते नेमका मुद्द्याचाच प्रश्न विचारतात.

मी पत्र वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "कार्बन म्हंजे काय?"

मी घसा साफ केला, पण नामदेवनं हात वर केला. "थांबा सर, हा विषय माह्या लाईनीचा हाये. आबा, गाडीचा प्लग खोलला का त्याच्यावर काळं दिसते नं, तो कार्बन. तेल नीट जळलं नाही का धरते. म्हंजे काजळीच."

"अन् पाऊलठसा?"

"पाऊलठसा म्हंजे पायाचा ठसा. दुसरं काय असते? कार्बनचा पाऊलठसा म्हंजे काजळीचे पाय."

हे चाललेलं पाहून मी घाईनं मध्ये पडलो. "तसं नाही हो. ही बोलायची पद्धत आहे. जो माणूस जितकं जास्त जाळतो, तितका त्याचा ठसा मोठा, असा त्याचा अर्थ."

बोललो आणि मलाच वाटलं, काय सोपं करून सांगितलं आपण. नामदेवनं मान हलवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग सर, शाळेत जाळते कोन?"

सगळ्या माना एकदम ओसरीकडे वळल्या.

इथे कौसल्याबाईंची ओळख करून देणं भाग आहे. कौसल्याबाई आमच्या शाळेत दुपारची खिचडी करतात. उंच बाई, आवाज असा की शाळेला घंटा नसती तरी चाललं असतं, पण घंटाही त्याच देतात. स्वयंपाकाची खोली ओसरीच्या एका टोकाला, घंटा दुसऱ्या टोकाला. खोलीत पऱ्हाट्यांची चूल, भांडी घासायला राख, खाली काजळी, बाई अनवाणी. त्यामुळे रोज चुलीपासून घंटेपर्यंत त्यांच्या काळ्या पावलांची एक रांग उमटायची. शनिवारी पोरं ओसरी धुवायची, सोमवारी रांग पुन्हा हजर. सरकारनं शाळेला एक गॅस सिलिंडर दिलेलं होतं, पण ते ऑफिसात पाहुण्यांच्या चहासाठी राखीव होतं आणि पाहुणे आले की ते नेमकं रिकामं निघायचं.

आणि त्या पावलांचा आमच्या शाळेत एक उपयोग होता, जो कुठल्याही अहवालात लिहिलेला नाही. पोरं त्या ठशांवर आपला पाय ठेवून पाहायची. पहिलीतल्या पोराचा पाय टाचेतच मावायचा. तिसरीत तो मध्यापर्यंत यायचा. ज्याचा पाय कौसल्याकाकूच्या अंगठ्याला भिडला, तो मोठा झाला असं समजायचं. मग तो शाळा सोडून शेलूबाजारला शिकायला मोकळा. नामदेवनंही एके काळी असाच पाय मोजला होता.

तर सगळ्यांनी ती रांग पाहिली. रांगेच्या टोकाशी कौसल्याबाई हातात खिचडीचा मोठा झारा घेऊन उभ्याच होत्या.

"सरकारनं माह्या पायावर पत्र काढलं?"

"तुमचं नाव नाही घेतलं त्याईनं, काकू," नामदेव समजुतीनं म्हणाला.

"कायले घेईन? नाव घेतलं असतं तं मी तोंडावर बोलली असती. पायाले बोलते म्हंजे भेते सरकार."

"काकू, फक्त काजळीपुरतं—"

"आईकलं मी. जाळते कोन, हेई आईकलं." बाई खाली उतरल्या. चारचौघांत त्या नामदेवला नेहमी 'अध्यक्षसाहेब' म्हणत, ते पद त्यांनी त्या रागातही सांभाळलं. त्यांनी झारा त्याच्या मांडीवर ठेवला. "घ्या अध्यक्षसाहेब. ज्याच्या पायाले कार्बन नाही, त्यानं खिचडी करावी."

आणि त्या निघून गेल्या. फाटकापर्यंत पावलं काळी उमटली, पुढं धूळ होती.

हसण्यावारी न्यायचा प्रकार नव्हता हा. पुढच्या वर्षी चूल कोणाकडे, याचा ठराव समिती दरवर्षी याच दिवसांत करते. तो आता तोंडावर आला होता आणि त्याआधी वरच्या मॅडम शाळा तपासायला येणार होत्या. बाई रुसून घरी बसल्या, तर चूल दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार. आणि जाणार ती कशापायी? पाय काळे म्हणून. गावात हे वाक्य एकदा चिकटलं की ते कुठल्याच राखेनं निघत नाही.

दुसऱ्या दिवशी खिचडी आम्ही केली. मी आणि चव्हाण सर. मराठी शाळेच्या इतिहासात या घटनेची नोंद नाही, आणि नसलेलीच बरी. पऱ्हाट्या ओल्या निघाल्या. मी फुंकर घालायचो, चव्हाण सर पुठ्ठ्यानं वारा घालायचे, आणि धूर आमच्या दोघांच्या मधून शांतपणे दुसरीच्या वर्गात जाऊन बसायचा. खिचडी खालून जळली, वरून कच्ची राहिली आणि मध्ये कशी होती हे कळायला कुणी तिथपर्यंत पोचलंच नाही. नामदेवच्या पोरीनं ताटातला काळा गोळा उचलून पाहिला आणि विचारलं, "सर, हे खिचडी हाये का प्लग?"

घरी जाताना पाहिलं, ओसरीवर दोन मास्तरांचे काळे ठसे उमटले होते. पोरांनी त्यावर पाय ठेवून पाहिले. "नाही जमत," एक जण म्हणाला आणि सगळे उठून गेले.

मग शिष्टमंडळ निघालं. नामदेव, मी आणि पुंडलिकआबा. कौसल्याबाई अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही, पण एकेक ओली कुरडई हातावर ठेवली. वऱ्हाडात भांडण वेगळं आणि पाहुणचार वेगळा.

"काकू, चला नं आता," नामदेव म्हणाला. "पोट्टे उपाशी राहून राह्यले."

"पत्र वापस घ्या."

"ते सरकारचं हाये, काकू."

"मंग सरकारले सांगा खिचडी कराले."

आबांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हनते?" आणि कुणी सांगायच्या आधीच आबा स्वतःच म्हणाले, "बराबर म्हनते."

आणखी चार कुरडया खाटेवर पडल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "मी येईन. पन माह्या एकटीचे पाय धुवाचे नाहीत. शाळेत जो येईन त्याचे धुवाचे. मास्तरचे, अध्यक्षाचे, साऱ्याईचे. अन् काजळी जर तुमाले इतकी खुपते, तं ते चुलीवरून माह्या पायावर पडते काहून, हे कोनी तरी पाहा. प्लगचं समजते तुमाले, चुलीचं नाही समजत?"

हा टोला बसला तो थेट नामदेवच्या धंद्यावर. चौथ्या दिवशी तो हायवेवरच्या भंगारातून ट्रकचे जुने सायलेंसर घेऊन आला. ते एकाला एक जोडून, वेल्डिंग मारून त्यानं चुलीवर धुराडं बसवलं आणि ते भिंतीतून बाहेर काढून थेट कडुलिंबाच्या फांदीपर्यंत नेलं. जगातली ही बहुधा एकमेव चूल असावी, जिला सायलेंसर आहे. पहिल्यांदा पेटवली तेव्हा सगळा गाव बघायला आला. धूर आत यायचा थांबला. कडुलिंबावरचे कावळे मात्र जागा सोडून पंचायतीवर राहायला गेले. तेव्हापासून बाई काडी ओढायच्या आधी वर्गाकडे बघून म्हणतात, "गाडी स्टार्ट करून राह्यली वो सर."

आणि सुरू झाला पाय धुण्याचा मोसम. फाटकाशी पाण्याचं टिपाड आणि एक मग. पोरं रांगेनं पाय धुवायची, मग आम्ही दोघं, मग नामदेव. सकाळच्या त्या गार पाण्यानं झोप अशी उडायची की पहिल्या तासाला पाढे न चुकता यायचे. धुतलेलं पाणी पाटानं वांग्यांच्या वाफ्याकडे नेलं. वांगी वाफ्यातून खिचडीत आली. पूर्वी आम्ही कडुलिंबाचा पाला झाडून, ढीग करून, सणसणीत पेटवून द्यायचो, आता नामदेवनं बजावलं, "धूर नाही पायजे सर, कार्बन धरते." म्हणून खड्डा खणला, पाला त्यात टाकून त्यावर शेण-माती घातली. तो तुडवायचं काम पोरांनी इतक्या आनंदानं केलं की त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत काळे झाले, आणि ते धुवायला पुन्हा टिपाड लागलं. त्या खताची वांगी पुढे एवढी मोठी झाली की आबांनी त्यांना भोपळा समजून भाव विचारला.

वर्ग झाडाखाली भरू लागले, पंखे बंद राहिले. पानं वह्यांवर पडायची, पाटीवर पडायची, एखादं खिचडीत पडायचं. "आज भाजी हाये," पोरं म्हणायची.

आता आमच्या मोटरसायकलींचं सांगतो. मी आणि चव्हाण सर मंगरूळपीरला एकाच गल्लीत राहतो. वर्षानुवर्षं आम्ही रोज सकाळी आपापल्या गाडीवर निघायचो, चौकात एकमेकांना हात दाखवायचो, वाटभर एकमेकांच्या मागे-पुढे चालायचो आणि शाळेत पोचून, जणू खूप दिवसांनी भेटलो अशा थाटात नमस्कार करायचो. त्या फाल्गुनात पहिल्यांदा आम्ही एका गाडीवर बसलो. चव्हाण सर रस्त्यात दिसेल त्याला थांबवून खुशाली विचारतात, हे मला तेव्हा कळलं. हरभऱ्याच्या प्रत्येक जाळाशी गाडी थांबायची. सकाळच्या वाऱ्यात पळसाची फुलं रस्त्यावर पडलेली असायची, त्यांच्यावरून चाक जाऊ नये म्हणून सर नागमोडी चालवायचे आणि मी मागे जीव मुठीत धरून बसायचो. एकट्यानं गाडी चालवत होतो तेव्हा हा रस्ता मी कधी पाहिलाच नव्हता, नुसता कापला होता.

गावाला मात्र वेगळीच शंका आली. दोन मास्तर एका गाडीवर म्हणजे दुसरी गाडी नामदेवकडे पडली असणार, असं समजून लोक त्याला "अजून दुरुस्त नाही झाली का?" असं विचारू लागले. पंधरवड्यानं तो माझ्याकडे आला, जरा पडेल चेहऱ्यानं. "सर, तुमी दोघं असेच एका गाडीवर फिरले, तं माह्या धंद्याचा ठसा कमी होऊन राह्यला."

इतकं सगळं झालं, पण ओसरी कोरी दिसायला लागली होती. कौसल्याबाई आता दिवसातून तीनदा पाय धुवायच्या. टाचा दगडानं घासायच्या. घंटेकडे जाताना त्या मान खाली घालून, फरशीकडे बघत चालायच्या, आणि घंटा दिल्यावर मागे वळून पाहायच्या, काही उमटलं तर नाही ना. आवाजही थोडा उतरला होता. पहिलीतलं एक पोर एकदा फरशीवर पाय ठेवायला जागा शोधत फिरताना मी पाहिलं. ते थोडा वेळ फिरलं आणि वर्गात जाऊन बसलं. पृथ्वी वाचत होती हे खरंच, पण आमच्या शाळेत मोठं कसं व्हायचं हे मोजायला काही उरलं नव्हतं.

आणि मॅडम आल्या. वाशीमहून, पांढऱ्या गाडीतून, ऐन उन्हाच्या वेळी. ड्रायव्हरनं गाडी कडुलिंबाखाली लावली आणि गाडी आतून गार राहावी म्हणून इंजिन चालूच ठेवलं. फाटकात कौसल्याबाई पाण्याचा मग घेऊन उभ्या.

"मॅडम, पाय."

मॅडमना ती आमच्या भागातली स्वागताची रीत वाटली. त्यांनी चपला काढल्या, पाय पुढे केले, पाणी पडलं तसे डोळे मिटले. "किती छान प्रथा आहे ही तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. मी वर कडुलिंबाकडे पाहिलं.

मॅडमनी खड्डा पाहिला, वांगी पाहिली, चुलीचा सायलेंसर पाहून फोटो काढला, खिचडी दोनदा घेतली. कौसल्याबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, दोन्ही पाय लुगड्याच्या काठाखाली लपवून. मग सगळे ओसरीवर बसले आणि मॅडमनी सहज विचारलं, "ते पाय धुण्याचं कधीपासून करता?"

ही संधी नामदेव सोडणं शक्य नव्हतं. त्यानं प्लगपासून सुरुवात केली. काजळी, तेल, पाऊल, ठसा, शाळेत जाळते कोण, सगळं क्रमानं आणि अभिमानानं सांगितलं. मॅडमचे ओठ थरथरायला लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा कडुलिंबाकडे पाहिलं. त्या वर्षी मी त्या झाडाचा फार अभ्यास केला.

मॅडमनी मोठ्या कष्टानं हसू गिळलं, आणि मग त्या नीट बोलल्या. "अध्यक्ष, तुम्ही शाळेत कसे येता?"

"गाडीनं, मॅडम."

"सर?"

"आम्हीही गाडीनंच. पण एका गाडीवर दोघं," चव्हाण सर एका दमात म्हणाले.

"आणि बाई, तुम्ही?"

"पायी," कौसल्याबाई पुटपुटल्या. "दुसरं काय हाये माह्याजोळ?"

"आणि मी?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी एकदम गाडीकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून इंजिन बंद करायला सांगितलं. ते बंद झालं तेव्हा कळलं, इतका वेळ ते केवढ्यानं घरघरत होतं. पानं पडत असल्याचा आवाज येऊ लागला.

"पऱ्हाटी शेतात यंदा उगवली, यंदाच जळली, पुढच्या वर्षी पुन्हा उगवेल," मॅडम म्हणाल्या. "पेट्रोल तसं उगवत नाही. धूर डोळ्यांना वाईट, म्हणून धुराडं केलंत ते फार चांगलं केलंत. पण या ठशाचा पायाच्या काळेपणाशी काही संबंध नाही. इथे बसलेल्या सगळ्यांत मोठा ठसा माझा आहे. आणि सगळ्यांत लहान या बाईंचा."

नामदेवनं हातातला अहवाल, तिन्ही प्रती, हळूच मांडीखाली सरकवला. आबांनी कानाला हात लावला. कौसल्याबाईंनी लुगड्याचा काठ जरा वर केला, आपल्या घासून घासून पांढऱ्या झालेल्या टाचांकडे पाहिलं, मग टिपाडाकडे, मग नामदेवकडे, आणि इतके दिवस सांभाळलेलं अध्यक्षपद एका क्षणात खाली उतरवून, घंटेलाही ऐकू जाईल अशा त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "मंग माह्ये पाय कायले धुवाले लावले रे, नाम्या?"